पायमॉलमधून ३डी पीडीएफ: रंग जातात, रेणू फ्रेमच्या बाहेर फिरतो, फाइल फुगते

प्रश्न: चेन_डी

हिमोग्लोबिनची रचना (पीडीबी, म्हणजे प्रोटीन डेटा बँकेतला क्रमांक ४एचएचबी) पुरवणी साहित्यात फिरवता येईल अशी ३डी पीडीएफ करून द्यायची आहे. चार चेन (प्रथिनाच्या साखळ्या) कार्टूनमध्ये म्हणजे पट्ट्यांच्या रूपात, चारही हीम (लोह असलेले गट) सरफेसमध्ये आणि सगळ्यावर एक अर्धपारदर्शक सरफेस, असं चित्र पायमॉल या रेणू दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तयार आहे.

सध्याचा मार्ग: पायमॉलमधून ओबीजे (त्रिकोणी जाळीची फाइल), ती मेशलॅब या जाळी सुधारणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून यू३डी (पीडीएफमध्ये बसणारा ३डी फॉरमॅट), आणि मग लाटेकमध्ये मीडिया९ पॅकेज वापरून पीडीएफ. कुठेही एरर येत नाही, पीडीएफ बनते. पण:

१. रंग सगळे गेलेत, पूर्ण रेणू एकाच करड्या रंगाचा आहे.
२. पान उघडल्यावर चौकट रिकामी. राइट-क्लिक करून 'फिट व्हिजिबल' केलं की रेणू दिसतो, पण माउसने फिरवला की स्वतःभोवती न फिरता लांबच्या कुठल्या तरी बिंदूभोवती घिरट्या घालतो.
३. फिरवताना मधेच सरफेस किंवा कार्टून नाहीसं होतं, थांबलं की परत येतं.
४. ओबीजे प्रचंड मोठी होते आणि पीडीएफही अडखळत चालते.
५. काही जणांना पीडीएफमध्ये नुसतं स्थिर चित्र दिसतं.

शिवाय वाचकाला एकेक चेन लपवता-दाखवता यावी असं हवं आहे, पण मॉडेल ट्रीमध्ये (अ‍ॅक्रोबॅटमधल्या भागांच्या यादीत) एकच भाग दिसतो. पारदर्शकताही गेली आहे. सुरुवात कुठून करावी?

---

त्रिकोणकाम

तुमच्या तक्रारी पाच असल्या तरी मुळं दोनच ठिकाणी आहेत: पायमॉलच्या ओबीजेमध्ये काय जातं, आणि यू३डीमध्ये काय लिहिलं जातं. वाचकाच्या बाजूचे मुद्दे (३ आणि ५) वेगळे आहेत, त्यावर कुणी तरी लिहीलच.

आधी रंग. पायमॉलच्या ओबीजेमध्ये कोपरे, नॉर्मल (पृष्ठाचं तोंड कुठे आहे ती दिशा) आणि त्रिकोण एवढंच जातं. सोबत एमटीएल (रंगांची जोडफाइल) निघाली तरी तिच्यात तुमचे रंग नसतात. म्हणजे मेशलॅबमध्ये पोचण्याआधीच रंग आणि पारदर्शकता दोन्ही गेलेली असते, पुढे काहीही केलं तरी ती परत येणार नाही. व्हीआरएमएल (डब्ल्यूआरएल) सेव्ह केलीत तर प्रत्येक कोपऱ्याला रंग मिळतो आणि मेशलॅब तो वाचतं. पण तुमच्या चित्रात प्रत्येक चेनला एकच रंग आहे. मग लाखभर कोपऱ्यांवर तोच रंग पुन्हा पुन्हा लिहिण्यात काय अर्थ? चेन वेगळ्या काढा, रंग मटेरियलमधून (पूर्ण भागासाठी एकदाच लिहिलेल्या रंग-पारदर्शकतेच्या नोंदीतून) द्या. त्याने रंग, पारदर्शकता आणि भागांची नावं हे तिन्ही प्रश्न एकदम सुटतात. कोपऱ्यावरचा रंग तेव्हाच घ्या, जेव्हा रंग अमिनो आम्लागणिक किंवा विद्युतभारानुसार बदलतो.

आता केंद्र. पायमॉल ओबीजे लिहिताना निर्देशांक मूळ पीडीबी फाइलचे ठेवत नाही. ते कॅमेऱ्याच्या चौकटीत बदलून लिहितं: कॅमेरा शून्यावर, रेणू त्याच्या समोर ऋण झेडच्या दिशेला. 'गेट_व्ह्यू' चालवून बाराव्या आकड्यात समजा −१८० आलं, तर तुमचा रेणू (०, ०, −१८०) च्या आसपास बसलेला आहे. पीडीएफला याची कल्पना नसते, फिरण्याचं केंद्र ती शून्यावर धरते, म्हणून त्या घिरट्या. उपाय एका ओळीचा:

सेट जिओमेट्री_एक्सपोर्ट_मोड, १

यानंतर निर्देशांक मूळ पीडीबीचेच राहतात. चेन वेगवेगळ्या काढताना तर हे सक्तीचं समजा. नाही तर दोन एक्सपोर्टच्या मधे माउस जरा हलला की चेन ए एका चौकटीत आणि चेन बी दुसऱ्या चौकटीत जाते, आणि एकत्र आणल्यावर तुमचा चतुष्क (चार चेनचा संच) विस्कटलेला दिसतो. हा दोष डोळ्याला लगेच कळतोच असं नाही. पाच अंश फिरलेली चेन 'जरा वेगळी दिसतेय' एवढंच वाटतं.

एक्सपोर्टचा क्रम असा ठेवा:

पाणी आणि फॉस्फेट काढा. ४एचएचबीमध्ये एकूण ४७७९ अणू आहेत. त्यांपैकी प्रथिनाचे ४३८४, चार हीमचे १७२, उरलेले २२१ पाण्याचे आणि २ फॉस्फरसच्या नोंदी. 'रिमूव्ह सॉल्व्हंट'ने पाणी जातं, फॉस्फेट राहतं, ते वेगळं काढावं लागतं.

मग 'हाइड एव्हरीथिंग', 'शो कार्टून, चेन ए अँड पॉलिमर', 'सेव्ह चेन_ए.ओबीजे'. हेच बी, सी, डीसाठी. हीमसाठी 'शो सरफेस, रेझन हेम'. ओबीजे सेव्ह करताना निवड चालत नाही, पडद्यावर जे दिसतंय तेच जातं, म्हणून दर वेळी 'हाइड एव्हरीथिंग' विसरू नका.

हीमबद्दल एक खाचखळगा. पायमॉल मुळातच हेटअ‍ॅटम नोंदींना (प्रथिनाच्या साखळीत नसलेल्या अणूंना) सरफेस काढताना वगळतं, त्यामुळे वरच्या कमांडनंतर पडदा रिकामाच दिसू शकतो. 'सेट सरफेस_मोड, १' दिलं की हीमचंही सरफेस येतं. पण मग मोठं सरफेस काढताना हीम त्यात मिसळतं. ते नको असेल तर 'क्रिएट'ने हीमचं आणि प्रथिनाचं वेगळं ऑब्जेक्ट करा आणि प्रत्येकाचं सरफेस स्वतंत्र काढा. बाकीचं ऑब्जेक्ट नुसतं लपवून भागत नाही, कारण सरफेस ऑब्जेक्टमधल्या सगळ्या अणूंवरून मोजलं जातं.

आता आकार. मेशलॅबमध्ये फाइल उघडून खाली दाखवलेले दोन आकडे पहा: कोपरे आणि त्रिकोण. कोपऱ्यांची संख्या त्रिकोणांच्या बरोबर तिप्पट असेल, तर प्रत्येक त्रिकोण आपले तीन कोपरे स्वतंत्र घेऊन आलाय. शेजाऱ्याशी काहीच सामाईक नाही. बंद जाळीत कोपरे साधारण त्रिकोणांच्या निम्मे असायला हवेत. म्हणजे कोपऱ्यांचा पसारा सहापट आहे. 'मर्ज क्लोज व्हर्टिसेस' अगदी छोट्या अंतराने चालवा आणि आकडा खाली आलाय ना ते बघा.

हे करताना एक सावधगिरी: हे फिल्टर जागा बघून कोपरे जोडतं, रंगाचा विचार करत नाही. एकाच जाळीत दोन रंग असतील तर सीमेवर रंग एकमेकांत घुसतात. चेन वेगळ्या काढल्यात तर हा प्रश्नच नाही.

जोडल्यानंतरच त्रिकोण कमी करा, आधी नाही. सुटे त्रिकोण असताना 'क्वाड्रिक एज कोलॅप्स डेसिमेशन' चालवलं तर सरफेसला भोकं पडतात, कारण प्रोग्रॅमच्या दृष्टीने तिथे जोडलेली कडाच नसते. मोठ्या पारदर्शक सरफेसला ३० ते ४० हजार त्रिकोण पुरतात. आतलं कार्टून दिसावं एवढंच त्याचं काम आहे. कार्टून मात्र डेसिमेट करू नका, हेलिक्सच्या कडा दातेरी होतात. त्यापेक्षा पायमॉलमध्येच 'सेट कार्टून_सॅम्पलिंग, ५' करून मग एक्सपोर्ट करा.

---

चेन_डी

जिओमेट्री_एक्सपोर्ट_मोडने निर्देशांक जागेवर आले आणि सहा ओबीजे तयार आहेत: चार चेन, एक हीम, एक सरफेस. मेशलॅबमध्ये सहाही लेयर एकमेकांवर नीट बसतात. कोपरे खरोखरच तिप्पट होते.

पण मेशलॅब एका वेळी एकच लेयर यू३डीमध्ये लिहितं. 'फ्लॅटन व्हिजिबल लेयर्स' केलं तर परत सगळं एकच भाग होतं. सहा भाग एका यू३डीमध्ये कसे घालायचे? शिवाय हीम सरफेसऐवजी स्फीअरमध्ये दाखवायचा विचार आहे. त्याने काही बिघडेल का?

---

त्रिकोणकाम

मेशलॅबचा यू३डी एक्सपोर्ट इथे सोडून द्या. मेशलॅब साफसफाईपुरतं ठेवा आणि शेवटची पायरी आयडीटीएफने करा. आयडीटीएफ म्हणजे यू३डीचं मजकुरी रूप, साध्या एडिटरमध्ये उघडतं. 'आयडीटीएफकन्व्हर्टर' त्यातून यू३डी बनवतो. विंडोजवर त्याच्या शेजारी 'आयएफएक्सकोअर' नावाची डीएलएल असावीच लागते. ती नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही तो चालत नाही.

फाइलची रचना ठरलेली आहे. पहिल्या दोन ओळी फाइल_फॉरमॅट "आयडीटीएफ" आणि फॉरमॅट_व्हर्जन १००. मग प्रत्येक भागासाठी चार गोष्टी लागतात:

नोड: भागाचं नाव. मॉडेल ट्रीमध्ये वाचकाला हेच दिसतं.
मॉडेल रिसोर्स: कोपरे, नॉर्मल, त्रिकोण.
मटेरियल आणि शेडर रिसोर्स: रंग आणि पारदर्शकता.
शेडिंग मॉडिफायर: हा शेडर त्या नोडला जोडतो.

शेवटची गोष्ट हटकून राहते. शेडिंग मॉडिफायर नसेल, किंवा त्यातलं नाव नोडच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळत नसेल, तर कन्व्हर्टर तक्रार करत नाही आणि भाग करडा येतो. मटेरियल बरोबर लिहिलंय, तरी रंग नाही, असं झालं की आधी तिथे बघा.

मटेरियलमध्ये 'मटेरियल_डिफ्यूज' हा मुख्य रंग, ० ते १ मधले तीन आकडे. पायमॉलमधले रंग आयते मिळवायचे तर 'गेट_कलर_टपल' वापरा. 'मटेरियल_स्पेक्युलर' कमी ठेवा, ०.१ किंवा ०.२, नाही तर कार्टून ओल्या प्लास्टिकसारखं चकाकतं. सरफेससाठी 'मटेरियल_ओपॅसिटी' ०.३. व्हीआरएमएलमधून आकडे उचलत असाल तर लक्षात घ्या, तिथे पारदर्शकता लिहिलेली असते आणि इथे अपारदर्शकता. म्हणजे तिथला ०.७ इथे ०.३ होतो. उलटं लिहिलं गेलं की आतलं काहीच दिसत नाही आणि दोष भलतीकडे शोधला जातो.

कधी कोपऱ्यावरचे रंग वापरायचे असतील तर आयडीटीएफमध्ये दोन जागा तपासा: 'मॉडेल_डिफ्यूज_कलर_काउंट' शून्य नसावा, आणि शेडरमध्ये 'अ‍ॅट्रिब्यूट_यूज_व्हर्टेक्स_कलर' ट्रू असावं. दुसरं फॉल्स राहिलं तर रंग फाइलमध्ये असतात पण अ‍ॅक्रोबॅट ते वापरत नाही.

सहा ओबीजे वाचून हा मजकूर लिहिणारी पायथॉन स्क्रिप्ट शंभरेक ओळींत होते. ओबीजेतले क्रमांक १ पासून सुरू होतात, आयडीटीएफमधले शून्यापासून. एक वजा करायचं राहिलं तर सगळी जाळी काट्याकुट्यांची दिसते. चित्र बघताक्षणी ओळखू येतं.

स्क्रिप्टच्या फंदात पडायचं नसेल तर जेमॉल थेट आयडीटीएफ लिहितं आणि सोबत लाटेकची फाइलही देतं. पायमॉलही आयडीटीएफ सेव्ह करतं आणि कन्सोलवर मीडिया९ साठीची कॅमेऱ्याची ओळ छापतं. मात्र नावं आणि मटेरियल मनासारखी हवी असतील तर स्वतःची स्क्रिप्टच बरी.

स्फीअरचं म्हणाल तर आधी गणित करा. त्रिकोणांचा गोल सहसा वीस पृष्ठांच्या घनाकृतीपासून बनतो आणि दर पायरीला चौपट होतो: २०, ८०, ३२०, १२८०, ५१२०. हीमचे १७२ अणू ३२० ने धरले तर ५५,०४० त्रिकोण, १२८० ने धरले तर २,२०,१६०. म्हणजे चार छोटे हीम तुमच्या मोठ्या सरफेसच्या पाचपट जागा खाणार. ८० च्या पायरीवर १३,७६० होतात, आणि नॉर्मल गुळगुळीत असतील तर तेही पानावर चांगले दिसतात. फक्त बाह्यरेषा जराशी कोनदार वाटते. प्रथिनाचे ४३८४ अणू स्फीअरमध्ये दाखवायचा मोह झाला तर ३२० च्या पायरीवर १४,०२,८८० त्रिकोण. त्या वाटेला जाऊच नका.

दुसरं म्हणजे, काही फॉरमॅटमध्ये गोल हा त्रिकोणांनी न लिहिता 'केंद्र आणि त्रिज्या' एवढाच लिहिला जातो. पायमॉलचं व्हीआरएमएल तसंच करतं. पुढचा प्रोग्रॅम तो आकार ओळखत नसेल तर गोळे गुपचूप गळतात. म्हणून स्फीअर घातल्यावर मेशलॅबमधला त्रिकोणांचा आकडा वाढला का ते पहा. हीमचं सरफेस चालत असेल तर तेच ठेवा, असं माझं मत.

---

लाटेककर

कॅमेऱ्याचं आणि व्ह्यूजचं सांगतो.

पायमॉलमध्ये 'गेट_एक्स्टेंट' चालवा. दोन टोकाचे कोपरे मिळतात, त्यांची सरासरी म्हणजे फिरण्याचं केंद्र. तेच तीन आकडे मीडिया९ मध्ये '३डीसीओओ' ला द्या. ४एचएचबीचं केंद्र शून्याच्या जवळच आहे, त्यामुळे तिथे फरक फारसा दिसणार नाही. पण दुसऱ्या रचनेला हीच लाटेक फाइल वापराल तेव्हा आठवण ठेवा, पीडीबीतले निर्देशांक स्फटिकाच्या हिशेबाने असतात, शून्यापासून शंभर अँगस्ट्रॉम लांबही असू शकतात.

कॅमेऱ्याचं अंतर '३डीआरओओ'. दृश्यकोन '३डीएएसी' ३० अंश असेल, तर अंतर = रेणूची त्रिज्या भागिले साइन १५ अंश, म्हणजे त्रिज्येच्या साधारण ३.८६ पट. हिमोग्लोबिन ढोबळमानाने ६४ × ५५ × ५० अँगस्ट्रॉमचं आहे. त्या खोक्याचा अर्धा कर्ण ४९ येतो, म्हणून अंतर १९० धरा. दृश्यकोन बदललात तर अंतरही बदलावं लागतं. हे दोन्ही जोडीने चालतात.

पर्यायांची ओळ अशी होईल:

३डीसीओओ=० ० ०, ३डीआरओओ=१९०, ३डीसी२सी=० ० १, ३डीएएसी=३०, ३डीबीजी=१ १ १, ३डीलाइट्स=हेडलॅम्प, ३डीटूलबार, ३डीमेनू

'३डीसी२सी' ही केंद्राकडून कॅमेऱ्याकडे जाणारी दिशा. ० ० १ दिलं की पायमॉलसारखं झेड अक्षावरून बघता. डोकं-पाय उलटे आले तर '३डीरोल' १८० करा. हेडलॅम्प घेण्याचं कारण असं की प्रकाश बघणाऱ्याबरोबर फिरतो. स्थिर दिवे असले की रेणू पलटवल्यावर मागची बाजू काळपट पडते आणि लोकांना वाटतं नॉर्मल चुकलेत.

कोन मनासारखा हवा असेल तर आकडेमोड करत बसू नका. '३डीमेनू' दिल्यामुळे राइट-क्लिकच्या यादीत 'जनरेट डिफॉल्ट व्ह्यू' आणि 'गेट करंट व्ह्यू' येतात. अ‍ॅक्रोबॅटमध्ये रेणू हवा तसा फिरवा, 'गेट करंट व्ह्यू' दाबा, जावास्क्रिप्ट कन्सोलमध्ये तयार आकडे छापले जातात. तेच उचलून लाटेकमध्ये टाका. अंतिम प्रतीत '३डीमेनू' काढून टाकलात तरी चालेल.

चेन लपवणं-दाखवणं दोन प्रकारे. मॉडेल ट्रीमध्ये सहा नावं दिसू लागली की वाचक स्वतःच टिक काढू शकतो. पण बऱ्याच वाचकांना तो ट्री कुठे असतो हेच ठाऊक नसतं. त्यामुळे व्ह्यूजची फाइल लिहा आणि '३डीव्ह्यूज' ने जोडा. एक व्ह्यू असा:

व्ह्यू=फक्त_हीम
सीओओ=० ० ०
सी२सी=० ० १
आरओओ=१९०
पार्ट=सरफेस
व्हिजिबल=फॉल्स
एंड
पार्ट=चेन_ए
ओपॅसिटी=०.२
एंड
एंड

प्रत्येक 'पार्ट' ला आपला 'एंड' आणि शेवटी व्ह्यूचा 'एंड'. आतला एक 'एंड' राहिला की पुढचे सगळे व्ह्यू बिघडतात. नावं आयडीटीएफमधल्या नोडशी जुळायला हवीत. नावांत मोकळी जागा न ठेवता अंडरस्कोर वापरा, आणि साधी रोमन अक्षरंच ठेवा. दोन भागांना एकच नाव देऊ नका.

'इन्क्लूडमीडिया' च्या पहिल्या कंसात पोस्टर (क्लिक करण्याआधी दिसणारं स्थिर चित्र) म्हणून पायमॉलचं रे-ट्रेस केलेलं चित्र द्या. त्याची चौकट आणि कोन डिफॉल्ट व्ह्यूशी जुळवून घ्या, म्हणजे क्लिक केल्यावर चित्र उडी मारत नाही.

---

वाचनखूण

मुद्दा ३ आणि ५.

फिरवताना भाग गायब होणं हा फाइलचा दोष नाही. अ‍ॅक्रोबॅटच्या प्रेफरन्सेसमध्ये '३डी अँड मल्टिमीडिया' खाली कमी फ्रेमरेटसाठीची सोय आहे. तिचे पर्याय तीन: काही न करणं, नुसतं खोकं दाखवणं, वस्तू वगळणं. वेग ठरलेल्या आकड्याखाली गेला की तिसऱ्या पर्यायात भाग वगळले जातात. स्वतःच्या मशीनवर हे 'नन' करून बघता येईल, पण शंभर वाचकांची सेटिंग तुमच्या हातात नाही. त्रिकोण कमी करणं हाच खरा उपाय. जुन्या लॅपटॉपवर, सॉफ्टवेअर रेंडरर निवडून फिरवून बघा. तिथे भाग टिकले तर सगळीकडे टिकतील.

त्याच पानावर 'एनेबल डबल-साइडेड रेंडरिंग' आहे. तुमच्याकडे ते चालू असेल आणि वाचकाकडे बंद, तर पाठमोरे त्रिकोण त्याला दिसणार नाहीत, कार्टूनच्या पट्ट्या अर्धवट वाटतील. ते बंद करून तपासा. भोकं दिसली तर मेशलॅबमध्ये 'री-ओरिएंट ऑल फेसेस कोहेरेंटली' चालवा.

स्थिर चित्र दिसण्याची कारणं:

ब्राउझरमध्येच पीडीएफ उघडली. क्रोम आणि फायरफॉक्सचे अंगचे वाचक यू३डी दाखवत नाहीत, पोस्टर दाखवतात. मॅकचं प्रीव्ह्यूही तसंच. फाइल उतरवून डेस्कटॉपवरच्या अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडावी लागते.

अ‍ॅक्रोबॅट रीडर आहे, पण ३डी बंद आहे. ते मुळात बंदच असतं. प्रेफरन्सेसमध्ये 'एनेबल प्लेइंग ऑफ ३डी कंटेंट' ला टिक करा, किंवा वर येणाऱ्या पिवळ्या पट्टीतून त्या फाइलवर विश्वास ठेवा.

चित्राखालच्या मजकुरात ही दोन वाक्यं लिहूनच टाका. वाचक प्रेफरन्सेस धुंडाळत बसत नाही.

---

वेबरेणू

जरा उलटं विचारतो. पुरवणी साहित्यच आहे, तर पीडीएफचा हट्ट कशाला? वाचकाने फाइल उतरवायची, ठरावीक प्रोग्रॅममध्ये उघडायची, ३डी चालू करायचं, आणि मोबाइलवर तरीही काही दिसणार नाही.

३डीमॉल.जेएस किंवा मोल-स्टार या ब्राउझरमध्ये रेणू दाखवणाऱ्या लायब्ररी वापरून एकच एचटीएमएल फाइल करा. मोठा फरक असा की तिथे त्रिकोण पाठवायचेच नसतात. तुम्ही अणू पाठवता, कार्टून आणि सरफेस वाचकाचं मशीन बनवतं. ४एचएचबीचे ४७७९ अणू, प्रत्येकी ८० अक्षरांची ओळ आणि एक ओळबदल, म्हणजे ३,८७,०९९ बाइट, चारशे केबीच्या आत. वर त्रिकोणांचा जो हिशेब चाललाय तो इथे लागूच होत नाही, आणि वाचकाला अणूवर क्लिक करून त्याचं नाव विचारता येतं. यू३डीमध्ये अणू उरलेलेच नसतात, नुसती पृष्ठं असतात.

फसगत एकाच ठिकाणी होते. पीडीबी फाइल शेजारी ठेवून पानातून ती मागवली तर सर्व्हरवर चालतं, पण डबल-क्लिकने उघडल्यावर ब्राउझर सुरक्षेच्या नियमाने ती वाचू देत नाही आणि पांढरी चौकट येते. म्हणून पीडीबीचा मजकूर पानाच्या आतच टाका. लायब्ररीसुद्धा इंटरनेटवरून न ओढता आतच चिकटवा, म्हणजे फाइल ऑफलाइनही चालते. पायथॉन वापरत असाल तर पाय३डीमॉलमध्ये 'राइट_एचटीएमएल' आहे, पण त्यातून आलेल्या पानात लायब्ररी बाहेरून येते का ते नजरेखालून घाला.

स्लाइडमध्ये हवं असेल तर कायमेराएक्स या रेणू दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून जीएलबी (एकाच फाइलमधला ३डी फॉरमॅट) काढा. समोरचा प्रोग्रॅम कोपऱ्यावरचे रंग ओळखत नसेल तर 'टेक्श्चरकलर्स ट्रू' देऊन सेव्ह करा, रंग चित्राच्या रूपात जातात.

---

चेन_डी

एचटीएमएल सोबत देणारच आहे. पण पीडीएफ हवीच अशी अट आहे, आणि ती इतर पुरवणी पानांबरोबर एकाच फाइलमध्ये जोडून द्यायची आहे.

आयडीटीएफचा मार्ग चालला. सहाही भाग नावांसकट दिसतात, रंग आणि पारदर्शकता आली, फिरण्याचं केंद्र बरोबर आहे. सरफेस ३५ हजार त्रिकोणांवर आणल्यावर भाग गायब होणं थांबलं. एकच उरलंय: अर्धपारदर्शक सरफेसमधून बघताना काही कोनांत त्याचेच तुकडे पुढे-मागे झाल्यासारखे, गडद-फिकट ठिगळं पडल्यासारखे दिसतात.

---

त्रिकोणकाम

ती ठिगळं पारदर्शक त्रिकोण काढण्याच्या क्रमामुळे पडतात. पारदर्शक गोष्ट बरोबर दिसायला मागचं आधी आणि पुढचं नंतर काढावं लागतं. एकाच जाळीच्या आत, दर कोनाला नव्याने, तो क्रम नीट लागत नाही. सरफेसच्या खोबणी आणि कंगोरे एकमेकांवर येतात तिथे ते उघडं पडतं. पूर्ण जाणार नाही. कमी करायचं तर सरफेस चार चेनचे चार वेगळे भाग करा, म्हणजे निदान भागाभागांचा क्रम लागतो. ओपॅसिटी ०.३ वरून ०.२ केलीत तर गडद-फिकट फरक तेवढा डोळ्यात भरत नाही. आणि आतल्या पोकळ्यांचं सरफेस काढून टाका: मेशलॅबमध्ये 'स्प्लिट इन कनेक्टेड कॉम्पोनंट्स' करून सगळ्यात मोठा तुकडा ठेवा, बाकीचे छोटे बुडबुडे उडवा. पुष्कळशी ठिगळं त्या बुडबुड्यांमुळेच असतात.

---

लाटेककर

पानं जोडण्याबद्दल, कारण सगळं केल्यावर इथेच पाणी फिरतं.

लाटेकच्या पीडीएफपेजेस पॅकेजने ही पीडीएफ दुसऱ्या फाइलमध्ये ओढू नका. ते पानाचं चित्र घेतं, पानावरच्या अ‍ॅनोटेशन (पानाला वरून जोडलेल्या क्रियाशील गोष्टी) घेत नाही, आणि ३डी ही अ‍ॅनोटेशनच असते. पोस्टर राहतं, रेणू जातो. 'प्रिंट टू पीडीएफ' तर बोलायलाच नको. घोस्टस्क्रिप्टमधून फाइल लहान करायला गेलात तरी ३डी हरवतं. जोडायचं असेल तर क्यूपीडीएफ वापरा, नाही तर सगळी पुरवणी एकाच लाटेक फाइलमधून बनवा.

पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीची पीडीएफ) मागितली असेल तर कोणती ते विचारून घ्या. पीडीएफ/ए च्या १, २ आणि ३ या भागांत ३डी चालत नाही. २०२० च्या चौथ्या भागातल्या '४ई' प्रकारात चालतं. तुम्ही ३डी असलेली फाइल दिली आणि पलीकडे कुणी ती सवयीने पीडीएफ/ए-२ मध्ये बदलली, तर छापील प्रतीसारखी सपाट पानं प्रसिद्ध होतील. म्हणून यू३डी आणि व्ह्यूजची फाइल सुटीही द्या, आणि प्रूफ आल्यावर ते अ‍ॅक्रोबॅटमध्ये उघडून रेणूवर क्लिक करून बघा. ब्राउझरमध्ये प्रूफ वाचलंत तर ३डी गेलंय की नाही ते कळणारच नाही, दोन्हीकडे पोस्टरच दिसतं.